हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यावरून तो माणूस काय काम करायचा हे खरंच कळतं का?

बऱ्याच अंशी कळतं, पण ‘हा कुंभार, तो सुतार’ इतकं नेमकं नाही.

हाड जिवंत असतं. ज्या दिशेने रोज ताण येतो तिथे ते जाड होतं, स्नायू चिकटतात तिथे कंगोरे उठतात. मला सगळ्यात भिडतं ते सीरियातल्या अबू हुरेराचं उदाहरण. युफ्रेटिसकाठच्या या नवाश्मयुगीन गावात, विशेषतः बायकांच्या सांगाड्यांत, पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले आणि गुडघ्यांवर, कंबरेच्या मणक्यांवर ताणाच्या खुणा सापडल्या. प्राचीन हाडांच्या अभ्यासक थिया मॉलेसन यांनी त्याचा संबंध धान्य दळण्याशी लावला: जमिनीवर गुडघे टेकायचे, पायाची बोटं दुमडून जोर घ्यायचा आणि तासन् तास दगड पुढे-मागे ढकलत राहायचं. लालबागच्या चाळीत आजीला पाट्यावर वाटताना पाहिलेल्यांना यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत.

2017 च्या एका अभ्यासात तर मध्य युरोपातल्या आद्य शेतकरी बायकांच्या दंडाची हाडं आजच्या कसलेल्या रोइंगपटू मुलींपेक्षा मजबूत निघाली!

मात्र वय, आनुवंशिकता, शरीराचा बांधा यांचाही हाडांवर परिणाम होतो. मस्जिद बंदरला आयुष्यभर ओझी वाहिलेल्या माथाडीची मान आणि बैठी नोकरी केलेल्या सत्तरीच्या गृहस्थांची मान एक्स-रेत सारखीच झिजलेली दिसू शकते. त्यामुळे एकाच सांगाड्यावरून कुणी छातीठोकपणे व्यवसाय सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अख्ख्या दफनभूमीतले स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे ताडून पाहावे लागतात, सोबत सापडलेली अवजारंही.