ऊस साखर कशी तयार करतो, आणि शिळ्या उसाचा गूळ चिकट का होतो?

पानात कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात पकडला जातो, मग आतल्या पेशींत सुटून कॅल्विन चक्रात (कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा बनवणाऱ्या क्रियांच्या साखळीत) जातो. तिथे तीन कार्बनच्या एका शर्करा-फॉस्फेटमागे पेशीतली ऊर्जा वाहणारे रेणू, म्हणजे 9 एटीपी आणि 6 एनएडीपीएच, खर्च होतात. साखर फुकट नाही बनत! पुढे यूडीपी-ग्लुकोज (जोडणीसाठी तयार झालेलं ग्लुकोज) आणि फ्रुक्टोज-6-फॉस्फेट जोडून सुक्रोज-फॉस्फेट होतं. त्यातला फॉस्फेट लगेच तोडला जातो, म्हणून क्रिया उलटी फिरत नाही. तयार सुक्रोज, म्हणजेच आपली साखर, कांड्यांत साठतं.

शेंडा वाढत असतो, त्यामुळे तिथलं इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज फोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करतं. उशिरा युरिया टाकला की ही वाढ लांबते, साखरेचा उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण) पडतो. तोडलेल्या उसातही हेच फोडणं चालू राहतं, उन्हात जास्तच. शिवाय कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक जिवाणू शिरून सुक्रोजपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतात.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांवर काहील (रस आटवायची मोठी कढई) 118 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवतात. पण रसात ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त असेल तर तापमान बरोबर असूनही ढेप बसत नाही, पाणी सुटतं. वाढे (उसाचे शेंडे) नीट छाटा, ऊस सावलीत ठेवा, 24 तासांत गाळा. चुन्याने रसाची आम्लता कमी होते, फुटलेलं सुक्रोज मात्र परत जुळत नाही.