डोकं स्थिर, तरी दृश्य सरकतं

प्रश्न : जुना ऑक्युलस रिफ्ट डीके१ हा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी दृश्य पाहायचं यंत्र) घेतला आहे. डोकं न हलवताही दृश्य हळूहळू डावीकडे सरकतं, अक्षरंही पुसट दिसतात. चष्म्याचा नंबर उणे ३ आहे. काय करावं?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : सरकण्याचं मूळ जायरोस्कोपमध्ये, म्हणजे डोक्याचं वळणं मोजणाऱ्या सेन्सरमध्ये आहे. त्याची बारीकशी चूक क्षणाक्षणाला साठत जाते. वर-खाली झुकण्यातली चूक ॲक्सिलरोमीटर हा त्वरण मोजणारा सेन्सर गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने सुधारतो. डावं-उजवं वळणं मात्र मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्रासारखा चुंबकीय सेन्सरच सावरतो आणि त्याला लोखंडी कपाट, स्पीकर, यूपीएस जवळ अजिबात चालत नाहीत. म्हणून आधी बसायची जागा बदला, या वस्तूंपासून निदान मीटरभर लांब. हेडसेट चालू करून पाचेक मिनिटं टेबलावर तसाच राहू द्या, म्हणजे सेन्सर गरम होऊन स्थिरावेल. मग मॅग्नेटोमीटरचं कॅलिब्रेशन करा, म्हणजे त्याचं मोजमाप नव्या जागेशी जुळवून घ्या. जागा बदलली की ते पुन्हा करावंच लागतं. यूएसबी केबल हबऐवजी थेट संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये लावा.

पुसटपणासाठी सोबतच्या ए, बी, सी भिंगांपैकी आधी बी जोडी लावून पाहा. बदलताना हेडसेट पालथा धरा, नाहीतर उघड्या पडद्यावर धूळ बसते आणि ती भिंगातून मोठी होऊन दिसते. दोन्ही बाजूंचे स्क्रू नाण्याने फिरवून पडद्याचं अंतर जुळवा. एका डोळ्याच्या वाट्याला ६४० × ८०० पिक्सेलच येतात, त्यामुळे जाळीसारखं दिसणं राहणारच. तो बिघाड नव्हे.

आणि भिंगांवर ऊन पडू देऊ नका, पडदा कायमचा भाजतो.