घरी उबवायला ठेवलेली सापाची अंडी आणि वनखात्याचा फोन

प्रश्न: जुन्या गोठ्याचे जोते उकरताना सापाची ११ अंडी सापडली. जेसीबीखाली चिरडू नयेत म्हणून घरी आणून थर्माकोलच्या पेटीत उबवायला ठेवली, त्याला १२ दिवस झाले. बहुधा धामणीची आहेत. पिल्ले निघाली की सोडणार आहे. शेजाऱ्याने व्हिडिओ पसरवला आणि वनरक्षकाचा फोन आला. हा गुन्हा आहे का? आज रात्रीच अंडी परत नेऊन ठेवू का?

उत्तर: अंडी मुळीच हलवू नका. अंडे घातल्यावर एक-दोन दिवसांतच सापाचा गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडे कलंडले तर तो मरू शकतो. शिवाय अंडी गुपचूप हलवलीत तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवेल आणि ‘वाचवायलाच उचलली’ हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा हातातून जाईल.

गुन्हा होतो का, तर कायद्याच्या शब्दांत होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘प्राणी’ या व्याख्येत अंडीही येतात. कलम २(१६) प्रमाणे सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खराब करणे किंवा त्यांना नुसते विचलित करणे हीसुद्धा ‘शिकार’ आहे. असा प्राणी कलम ३९ नुसार सरकारी मालमत्ता ठरतो. तो ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते आणि लेखी पूर्वपरवानगीशिवाय जवळ ठेवता येत नाही. तुमची खरी अडचण ही ४८ तासांची आहे. प्राणी अनुसूची १ (कायद्यातली सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी) मधला असेल तर शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. एरवी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ५४ ची तडजोड, म्हणजे रक्कम भरून प्रकरण मिटवणे, किमान शिक्षा ठरलेल्या गुन्ह्यांना लागू नाही. अंड्यावरून जात ठामपणे सांगणे अवघड असते, म्हणून अनुसूची १ धरूनच पावले टाका आणि अर्जात ‘धामण’ असे ठासून लिहू नका.

आजच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या. सापडल्याची खरी तारीख, जागा, अंड्यांची संख्या, खोदकामाचे कारण, पेटी कशी ठेवली आहे, हे सारे लिहा. उशीर झाला हे मान्य करा. तारीख बदलून लिहू नका, व्हिडिओच तुम्हाला खोटे पाडेल. पोच आणि आवक क्रमांक घ्या. महाराष्ट्रात असाल तर १९२६ या हेल्पलाइनवरही कळवा. अर्जातच विनंती करा की पंचनामा करून अंडी ताब्यात घ्यावीत, आणि हलवल्याने ती दगावण्याची शक्यता असल्यास पिल्ले निघेपर्यंत आहे तिथेच ठेवण्याची लेखी परवानगी मिळावी. वनरक्षकाने तोंडी ‘राहू द्या’ म्हटले तर त्यावर विसंबू नका, परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लागते.

अधिकारी येईपर्यंत अंडी जगवायला हवीत. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलने खूण करा. एकमेकांना चिकटलेली असतील तर सोडवू नका. खाली वजनाने समान पाणी घातलेले व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारे हलके खनिज, रोपवाटिकेत वापरतात ते) असावे: मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. तापमान २८ ते ३० अंश ठेवा आणि थर्मामीटर अंड्यांच्या पातळीवर लावा, झाकणाला नको. उघडा बल्ब जवळ असेल तर काढा. तो हवा कोरडी करतो, वरची अंडी तापवतो, आणि ३३-३४ अंशांच्या वर पिल्ले व्यंग घेऊन निघतात किंवा आतच मरतात. झाकण थोडे तिरके ठेवा, म्हणजे वाफेचे थेंब अंड्यांवर पडणार नाहीत. अंडी आताच पिचकली असतील तर कडेच्या व्हर्मिक्युलाइटमध्ये थोडे पाणी घाला, अंड्यावर शिंपडू नका. शेवटच्या दिवसांतली पिचक मात्र स्वाभाविक असते. चिरा पडल्यावर पिल्लू एक-दोन दिवस आतच थांबते, तेव्हा कवच कापून मदत करू नका. आणि जात चुकीची ओळखली असेल तर हे ध्यानात ठेवा: नागाचे पिल्लू जन्मापासून विषारी असते. कोणतेही पिल्लू हाताळू नका.

सहायक वनसंरक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कलम ५० खाली तुमच्या समक्ष नोंदवलेली साक्ष पुढे खटल्यात ग्राह्य धरली जाते. त्यामुळे जबाबाला बोलावले तर वकिलाला विचारून जा आणि वाचल्याशिवाय सही करू नका. पिल्ले सोडण्याचा निर्णय खात्याचा आहे, लेखी आदेश नसेल तर तुम्ही स्वतः सोडू नका.