मुक्काम मोहर्ली असो की मेळघाट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ऑक्टोबरात ताडोब्याचा गाभा पावसाळ्यानंतर उघडतो आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या एकदम वाढते. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न असतो : वाघ नक्की कुठल्या गेटला दिसेल? ते मला सांगता येत नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. उरलेल्या पत्रांपैकी मुक्कामाशी आणि तिथल्या वागण्याशी संबंधित काही या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र. आम्हाला कुंपणाबाहेरच्या रिसॉर्टमध्ये नाही, जंगलाच्या आत राहायचं आहे. विदर्भात अशी सोय कुठे आहे? (पुणे)

आधी ते कुंपण डोक्यातून काढा. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प साधारण १,७२७ चौरस किलोमीटरचा. त्यातला सुमारे ६२५ चौरस किलोमीटर गाभा (कोअर), म्हणजे कडक संरक्षणाचा आतला भाग, बाकीचा त्याभोवतीचा बफर. बफरमध्ये ऐंशीच्या आसपास गावं आहेत, त्यांची धानाची शेतं आहेत, शाळा आहेत, आठवडी बाजार आहेत. मोहर्ली त्यातलंच एक. तिथे एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) किंवा वनविकास महामंडळाच्या निवासात सामान टाकलंत की तुम्ही व्याघ्र प्रकल्पाच्या आतच आहात. गेट माणसांच्या गाड्या मोजायला आहे. वाघाला ते लागू नाही. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, तेलंगणात डोकावला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेतल्या कित्येक गावांना तो येऊन गेल्याचा पत्ताही नव्हता.

ताडोब्याच्या गाभ्यात पर्यटकांना रात्री राहता येत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभाक्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. त्यानंतर आलेल्या राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमांनी गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनाला ठेवला आणि नव्या बांधकामाला मनाई केली. त्यामुळे ‘कोअरमध्ये रूम आहे’ अशी जाहिरात दिसली तर दोनदा चौकशी करा.

तुम्हाला खरोखर जंगलातली रात्र हवी असेल तर मेळघाटात जा. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सेमाडोहचं संकुल लागतं, पुढे सिपना नदीच्या काठी कोलकासचं विश्रामगृह. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी मेळघाट एक. डोंगराळ मुलूख, खोल दऱ्या, पसरलेलं जंगल, त्यामुळे वाघ दिसणं कठीण. हे ऐकून तुमच्यातले दोघे गळतील, त्यांना गळू द्या. संध्याकाळी वऱ्हांड्यात दिवा मालवून बसा. रातवा पक्षी ठोके दिल्यासारखा ओरडायला लागतो, नदीकडून टिटवी कलकलते, मध्येच एखादं सांबर हाक देतं आणि मग बराच वेळ काहीच नसतं. तो मधला वेळ ज्याला आवडतो, त्याच्यासाठी मेळघाट आहे.

तिसरा पर्याय पेंच. नागपूर जिल्ह्यातल्या सिल्लारी भागाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

कुठेही जा, एकाच ठिकाणी किमान दोन रात्री काढा. सकाळी ताडोब्याचं कोलारा गेट, दुपारी मोहर्ली, दुसऱ्या दिवशी पेंच असा बेत आखणाऱ्यांना मुख्यतः डांबरी रस्ता दिसतो.

प्रश्न : तीन सफारी केल्या, वाघ नाही. चौथीला गाईडला सांगितलं, वाघ दाखव, हजार रुपये देतो. तरी नाही. एवढा खर्च वाया गेला. गाईड मुद्दाम टाळतात का? (ठाणे)

नाही टाळत. उलट तुमच्या त्या हजाराने त्यांना अडचणीत टाकलं.

२०२२ च्या अखिल भारतीय गणनेनुसार ताडोबा प्रकल्पात ९७ वाघ होते. हा आकडा मोठा वाटतो, पण वाघ दिवसातला मोठा वेळ सावलीत किंवा पाण्यात पडून काढतो आणि गाड्यांना ठरलेले रस्ते सोडता येत नाहीत. बांबूत दहा पावलांवर पडलेला वाघ तुमच्या गाडीतल्या सहाही जणांना दिसणार नाही. गाईड त्याला उठवू शकत नाही. बक्षिसाचा शब्द मिळाला की जिप्सी पळायला लागते, कुणी वाघ पाहिल्याचं कळलं की सगळ्या गाड्या तिकडे वळतात, आणि मग रस्ता दोन्ही बाजूंनी बंद होतो. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे असेच पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकले. चित्रफीत सगळीकडे फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड-चालकांवर कारवाई झाली. मागच्या सीटवरून ‘घ्या ना अजून पुढे’ म्हणणारे मात्र नववर्षाचे फोटो घेऊन घरी गेले.

हे गाईड शेजारच्याच गावांतले असतात. ज्याला कामावरून काढतील त्याचं घर या सफारींवर चालतं. म्हणून चढल्या चढल्याच त्याला सांगा, ‘दादा, घाई नाही. तुम्हाला जे दाखवावंसं वाटेल ते दाखवा.’ त्याचा चेहरा सैल पडलेला दिसेल. मग तो उभ्या भेगांची, सुसरीच्या पाठीसारखी साल असलेला ऐन दाखवेल, उन्हाळा असेल तर पांढरंफटक भुताचं झाड दाखवेल, वाळूतला पंजा नराचा की मादीचा ते सांगेल. ताडोबा तलावावर मगर आणि मत्स्यगरुड बघायला थांबेल. तलावाकाठी तारू या गोंड वीराचं देऊळ आहे. तो वाघाशी झुंजताना पडला असं सांगतात आणि त्याच्याच नावावरून ताडोबा. पौषात इथे आदिवासींची जत्रा भरायची. वाघ दिसेल या आशेने या ठिकाणाहून लोक वाऱ्यासारखे पुढे जातात.

आणि इंजिन बंद करायला सांगा. चालत्या गाडीत जंगल ऐकू येत नाही. चितळाच्या कॉलवर, म्हणजे धोक्याच्या हाकेवर, फार भरवसा ठेवू नका, ते वाळलेलं पान हललं तरी ओरडतं. वानर झाडाच्या शेंड्यावरून एकाच दिशेला बघत खाकरत राहिलं तर थांबा. सांबराने शेपटी ताठ केली, पुढचा पाय आपटला आणि ‘पोंक’ केलं, पुन्हा केलं, तर गाडी जागची हलवू नका. सांबर सहसा पाहिल्याशिवाय ओरडत नाही. अशा वेळी वीस मिनिटं बसून राहणं हे गाडी पळवण्यापेक्षा केव्हाही फायद्याचं. तरीही वाघ नाही आला, तर नाही आला. बक्षीस द्यायचंच असेल तर सफारी संपल्यावर द्या, आणि वाघ न दिसलेल्या दिवशी थोडं जास्त द्या.

प्रश्न : आमचं गाव बफरमंदी हाये. घराच्या मांगं दोन खोल्या रिकाम्या पडून हायेत. होमस्टे कराचा इचार हाये. पण लोकायले एसी लागते म्हणते, जेवाले पनीर लागते म्हणते. आमाले जमन का? (चंद्रपूर जिल्हा)

जमेल, भाऊ. एसी नको. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावा, पुण्या-मुंबईच्या माणसाला त्या वासाचंच कौतुक वाटेल. पनीर तर अजिबात नको, ते त्यांना घरी रोज मिळतं. तुमच्या शेतातल्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, पाटवडी-रस्सा, भिवापुरी मिरचीचा ठेचा. तिखट मात्र वेगळं ठेवा, नाहीतर पाहुणा दुसऱ्या दिवशी सफारीला जायच्या अवस्थेत राहणार नाही.

खर्च करायचाच असेल तर संडास-बाथरूमवर करा, आणि ते खोलीला लागूनच बांधा. हा फक्त सोयीचा मुद्दा नाही. शहरातला माणूस रात्री दोनला उठतो, मोबाईलच्या उजेडात परसात जातो आणि तुमच्या अंगणात बिबट येऊन जातो हे त्याला माहीत नसतं. दुसरं उष्ट्याचं. पाहुणे आले की खरकटं वाढतं. ते मागे टाकलं की कुत्री जमतात, डुकरं जमतात, आणि त्यांच्यामागे बिबट येतो. खड्डा करून रोज बुजवा. बकऱ्यांचा गोठा जाळीने वरूनही बंद हवा.

पाहुण्यांना दिवसाउजेडी शेतावर न्या. जागलीचा माळा दाखवा, रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन कसं चालतं ते समजावा, धान कापणीच्या दिवसांत रात्र कशी काढता ते सांगा. रिसॉर्टवाला हे देऊ शकत नाही. फक्त एक करू नका. ‘रात्री गाडीतून वाघ दाखवतो’ म्हणू नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. ग्रामपंचायतीला कळवा, पर्यटन संचालनालयाकडे होमस्टेची नोंदणी करा आणि दर भिंतीवर लिहून लावा.

प्रश्न : मला वाघापेक्षा पक्ष्यांची आवड आहे. बफरमधल्या गावात मुक्काम करून पहाटे एकटीने दुर्बीण घेऊन फिरलं तर चालेल का? गावातल्या बायका तर रोज जंगलात जातात. (नागपूर)

चालणार नाही. त्या हौसेने जात नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, मेमध्ये तेंदूपत्ता असतो. पहाटे गेलं नाही तर मोह जनावरं खातात आणि वर्षाच्या कमाईतला एक वाटा जातो. वाकून किंवा उकिडवं बसून वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा उभा दिसत नाही, आणि बरेच हल्ले अशाच वेळी होतात. दर उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातून अशा बातम्या येतात. २०२३ पासून अशा मृत्यूला शासन २५ लाख रुपये देतं. एवढी रक्कम का ठेवावी लागली, याचा विचार करा. प्रशिक्षित माणसांनाही जंगल सूट देत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात गणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केलं. तिच्यासोबत सहकारी होते.

तुमच्यासाठी वेळ आणि जागा बदलते, बाकी फारसं काही जात नाही. ऊन वर येऊ द्या, गावातलं कुणीतरी सोबत घ्या आणि गावतळ्याच्या मोकळ्या पाळीवर बसा. हिवाळ्यात बदकं, खंड्या, ढोकरी सगळं तिथेच येतं. नवरंग आणि स्वर्गीय नर्तक हवे असतील तर जूनमधल्या पहिल्या पावसानंतर या. आणि वाघाचं जंगल काही काळ बाजूला ठेवायची तयारी असेल तर गोंदियाकडे वळा. तिथल्या धानाच्या बांध्यांत सारसांच्या जोड्या असतात. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा तो पक्षी शेतकऱ्यापासून हाकेच्या अंतरावर चरतो.

प्रश्न : आई-वडील सत्तरीचे आहेत, वडिलांना कंबरेचा त्रास आहे. मे महिन्यात वाघ हमखास दिसतात म्हणून तेव्हाच न्यावं का? (कोल्हापूर)

मे नको. पानगळ झालेली असते, जनावरं पाणवठ्यावर येतात, हे खरं आहे. पण चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारची सफारी उघड्या जिप्सीत असते. खिशात कांदा ठेवून ऊन लागत नाही असं आमच्याकडे म्हणतात. तुमच्या वडिलांवर हा प्रयोग करू नका. फेब्रुवारीचा उत्तरार्ध निवडा, पळसही फुललेला असतो. वडिलांना ड्रायव्हरच्या लगेच मागच्या रांगेत बसवा, चाकांवरच्या सीटला दणके जास्त बसतात. दिवसाला एकच सफारी पुरे. जानेवारीत नेणार असाल तर पहाटेच्या फेरीसाठी कानटोपी आणि रग हवाच.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे, नेऊ का? आणि मोबाईल खरंच नेऊ देत नाहीत का? (छत्रपती संभाजीनगर)

चार तास गप्प बसू शकत असेल तर न्या. नसेल तर दोन वर्षं थांबा. मोबाईल गाभ्यात चालत नाही, गेटवर जमा करावा लागतो. कॅमेरा चालतो. मंगळवारी ताडोबा बंद असतो आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा बंद. पावसाळ्यात बफरची काही गेटं उघडी असतात, पण रस्ता वाहून गेला की तीही बंद होतात. बुकिंग फक्त वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून करा आणि त्यासाठी वापरलेलं मूळ ओळखपत्र सोबत ठेवा.

प्रश्न : बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर रात्र काढायची आहे. तयारी काय करावी? आमची नोंद वाघांच्या मोजणीत धरतात का? (अकोला)

मोजणीत धरत नाहीत. पूर्वी पाणवठ्यावरची गणना महत्त्वाची मानली जायची. आता वाघांचा अंदाज कॅमेरा ट्रॅपने (जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी) टिपलेल्या पट्ट्यांवरून बांधतात, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. मचाणाची रात्र आता निसर्गानुभव म्हणून ठेवली आहे. तरी नोंदी नीट लिहा, वेळेसकट.

दुपारी वनविभागाची गाडी सोडते आणि सकाळी न्यायला येते. मधल्या वेळात खाली उतरायचं नाही, कोणत्याही कारणासाठी, त्यामुळे संध्याकाळनंतर चहा बेताने घ्या. मातकट किंवा गडद हिरवे कपडे, अत्तर नाही, डासांचं मलमही उग्र वासाचं नको. जेवायला दशम्या आणि कोरडी चटणी न्या. कुरकुरीत पाकिटं नकोत, त्यांचा आवाज अख्ख्या पाणवठ्याला ऐकू जातो. पाणी माणशी चार-पाच लिटर. चांदणं असतं, बॅटरी मारू नका. अस्वल, गवा, सांबर, सायाळ यांतलं काहीतरी बहुधा येतंच. सोबतीला घोरणारा माणूस मात्र निवडू नका.

नोंदणीची सूचना पौर्णिमेच्या थोडे दिवस आधी निघते आणि जागा पटकन संपतात. एप्रिलच्या सुरुवातीपासूनच परतवाडा किंवा अमरावतीच्या वनकार्यालयात विचारत राहा.