जापानी फळ आणि आबनूस खरंच नातेवाईक आहेत का? नागपुरात जापानी फळाचं झाड जगेल का?

हो, जापानी फळ (पर्सिमन) आणि काळ्या लाकडाचा आबनूस (एबनी) यांचं नातं खरं आहे. दोघांचा वंशही एकच, डायोस्पायरॉस. आणि तुम्ही नागपूरकडचे असाल तर या घराण्यातलं आणखी एक फळ लहानपणी खाल्लं असेलच. टेंभरं!

माझं आजोळ भंडाऱ्याकडचं. उन्हाळ्यात आजी ओच्यात पिवळी टेंभरं घेऊन यायची. गर थोडा, बियाच जास्त, पण मऊ पडलेलं असलं तर गोड. कच्चं खाल्लं की तोंडाला मिठी बसायची. ही टॅनिन या तुरट द्रव्याची करामत; जापानी फळाच्या काही जातीही अर्धवट पिकलेल्या खाल्ल्या तर असंच करतात.

टेंभराचं झाड म्हणजे आपला तेंदू. त्याचं शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन; यातल्या मेलॅनोझायलॉनचा अर्थ 'काळं लाकूड'. कोरोमंडल एबनी म्हणून व्यापारात ओळखलं जाणारं लाकूड याचंच. पण आपल्याकडे लाकडाकडे बघतो कोण? सगळं लक्ष पानावर. एप्रिल-मेमध्ये गावंच्या गावं पहाटे जंगलात जातात, पानं तोडतात, पुडके बांधून फळीवर (पानं जमा करायच्या केंद्रावर) देतात आणि तिथून ती विडीपर्यंत पोचतात. पिकलेल्या फळावर अस्वलाचाही डोळा असतो, त्यामुळे ही मजुरी वाटते तेवढी सोपी नाही.

ज्याला खरा आबनूस म्हणतात तो डायोस्पायरॉस एबेनम, दक्षिण भारत आणि श्रीलंकेचा. आफ्रिकेतला काळा आबनूस कॅमेरून-गॅबनच्या सदाहरित जंगलातला, आणि पट्ट्यापट्ट्यांचा मकासर इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरचा. काळा असतो तो फक्त गाभा, बाहेरचं लाकूड फिकटच.

जापानी फळ मात्र नावापुरतंच जपानी. मूळ चीनकडचं, जपानात शेकडो वर्षं जोपासलं गेलं म्हणून ते नाव चिकटलं. त्याचा एक भाऊबंद अमेरिकेच्या पूर्व भागात रानोमाळ उगवतो. आपल्याकडे ते पिकतं हिमाचलात कुल्लूकडे, कारण हिवाळ्यात पानं गाळून त्याला थंडीत झोप लागते. नागपूरची डिसेंबरची थंडी एकवेळ पुरेल, पण मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन पानं करपवेल. मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

अंगणात या घराण्यातलं काही हवंच असेल तर टेंभराची ताजी बी थेट जमिनीत लावा. जंगलातून रोप उपटून आणू नका. सोटमूळ खोल जातं, तुटलं की रोप गेलं.