एफडी मोडून कुत्र्यांसाठी शेल्टर काढू का?

ताई, तुमचा मेल वाचला आणि बिलांचे फोटो पण एकेक करून बघितले. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताई साताऱ्यात नोकरी करतात, हातात महिन्याला 52 हजार येतात, घरी आई आहे आणि दोन कुत्री, सात वर्षांची लॅब्रॅडॉर राणी आणि रस्त्यावरून आणलेला एक इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा. शिवाय कॉलनीतल्या बारा-पंधरा कुत्र्यांचं खाणं-औषध त्याच बघतात, त्यापायी क्रेडिट कार्डावर 84 हजार चढलेत, आणि आता वडिलांच्या मागे राहिलेली 6 लाखांची एफडी मोडून गावाबाहेर जागा भाड्याने घेऊन शेल्टर काढायचं त्यांच्या मनात आहे.

सरळ सांगतो, शेल्टर आत्ता नको. पण एफडीतले थोडे पैसे जरूर काढा, आणि याच कुत्र्यांसाठी काढा.

तुम्हीच दिलेले आकडे मांडून बघू. जागेचं भाडं 9 हजार, राखायला माणूस 12 हजार, पंधरा कुत्र्यांचं खाणं रोजचे प्रत्येकी 40 रुपये धरले तरी 18 हजार, औषधपाणी 6 हजार, म्हणजे महिन्याला 45 हजार झाले. शेड आणि कुंपणाला 2 लाख आधीच जाणार, उरलेले 4 लाख नऊ महिने पण पुरत नाहीत, आणि पगारातून 45 हजार काढणं तर शक्यच नाही. मग पुढे काय? गल्लीतलं कुत्रं निदान चार घरचं खातं, शेडमधलं फक्त तुमच्याच भरवशावर असतं. आणि शेल्टर निघालं हे कळलं की लोक रात्री गेटला पिल्लं बांधून जातात, त्यामुळे पंधराचे तीस कधी होतील कळणार नाही आणि तुमच्याच्याने नाही म्हणवणार नाही, हे तुमच्या मेलवरूनच दिसतंय.

दुसरं म्हणजे आजार. तुमच्या बिलांत एका पिल्लाचं पार्व्होचं, म्हणजे कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य जुलाब-उलट्यांच्या आजाराचं, बिल आहे, पाच दिवस सलाईन, इंजेक्शनं, सगळं मिळून 9,400 रुपये, आणि ते पिल्लू वाचलं नाही. त्याच दवाखान्याच्या दुसऱ्या पावतीवर सेव्हन-इन-वन लसीचा (पार्व्हो धरून सात आजारांवरची एकच लस) दर 700 आहे. म्हणजे बूस्टर धरून त्या एका बिलात सहा पिल्लांचं लसीकरण झालं असतं. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे एका शेडमध्ये बाहेरून येणारी पिल्लं ठेवायची तर आधी त्यांना वेगळं ठेवायची सोय लागते, ती नसेल तर शेल्टरमध्येच साथ पसरते आणि बिलं कुठल्या कुठे जातात. तुमच्या त्या 6 हजारांत हे काहीच धरलेलं नाही.

म्हणून मला वाटतं पैसा नसबंदी आणि लसीवर लावा. तुमच्या डॉक्टरांनी मादीच्या नसबंदीचे 3,500 सांगितलेत, कॉलनीत बारा माद्या असतील तर 42 हजार होतात, आणि पुढच्या सीझनला किती पिल्लं गाडीखाली किंवा पार्व्होने जायची वाचतील विचार करा. खरं तर 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, त्यामुळे आधी नगरपालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तिकडून जेवढ्या होतील तेवढे तुमचे पैसे वाचले. मोठं ऑपरेशन असेल तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, खासगीत आकडा ठरवायच्या आधी तिथे चौकशी करा.

आता कार्ड. ह्यावर मला जास्त काळजी वाटली. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 84 हजारांवर जवळपास 2,950 व्याज, वर जीएसटी, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. तुमची 6 लाखांची एफडी 7 टक्क्यांनी महिन्याला तेवढंच कमावते. म्हणजे वडिलांच्या पैशाचं अख्खं व्याज कार्डवाले नेतायत आणि तुम्ही मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची कमीत कमी रक्कमच, भरत राहिल्यामुळे मुद्दल हलतच नाहीये. हे 84 हजार पहिले फेडा, बाकी सगळं नंतर.

राणीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नाही असं लिहिलंय. सात वर्षांच्या मादीला माजानंतर काही आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, आणि ते रात्री-बेरात्री निघालं तर खर्च पण मोठा आणि जीव पण धोक्यात. रक्त तपासून डॉक्टर हो म्हणाले तर आत्ताच ठरवून करून घ्या, 10 हजार बाजूला ठेवा. तिच्यासाठी विमा शोधत बसू नका, ह्या वयात मिळणं अवघड असतं आणि आधीचे आजार वगळलेलेच असतात. लसी, डिवर्मिंग (जंताचं औषध), गोचिडांचं औषध हे बहुतेक पॉलिसीत येत नाही, म्हणून राणी आणि इंडी दोघांसाठी महिना 3 हजारांची आरडी लावा आणि तिला दुसऱ्या कशासाठी हात लावू नका. इंडी तीन वर्षांचा आहे, त्याच्यासाठी विम्याचा हप्ता किती पडेल ते विचारायला हरकत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी महिना 4 हजार ठरवा, कार्ड फिटलं की तेवढे तसेही सुटतायत. एखाद्या महिन्यात संपले तर पुढची केस दुसऱ्या फीडरला, म्हणजे कुत्र्यांना खायला घालणाऱ्या दुसऱ्या कुणाला, द्यायची, ह्यात तुमची माया कमी पडत नाही.

80जी चं, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या करसवलतीचं विचारलंत. नव्या कर प्रणालीत ती सूट नाही आणि तुमच्या पगारावर तिथे तसाही कर बसत नाही, त्यामुळे देणगी पावतीसाठी नको, काम बघून द्या. पण तुम्ही वर्षभरात स्वतःच्या यूपीआयवर लोकांकडून 1 लाख 80 हजार गोळा केलेत, ते बघा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात 50 हजारांवर पैसे आले की सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते. आजच वेगळं खातं उघडा, प्रत्येक बिल जपा आणि रिटर्न भरायच्या आधी सीएला दाखवा.

शेल्टर कधीच नको असं म्हणत नाही. चार-पाच जण मिळून धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट रजिस्टर करा, एक डॉक्टर सोबत घ्या, आणि वर्षभराचा खर्च हातात जमला की मग जागा बघा, तेव्हा मी स्वतः आकडे मांडून देईन.

कार्ड, नसबंदी आणि राणी मिळून 1 लाख 36 हजार होतात, 4 लाख 64 हजार राहतात आणि ते तुमच्या आणि आईच्या अडीअडचणीचे. आईचं नाव एफडीवर असेल तर आधी तिच्याशी बोला. मग बँकेत मुदत कधी संपते ते विचारा. दोन-तीन महिनेच राहिले असतील तर मोडू नका, एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून लागेल तेवढी उचल, तिचा दर एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडतो. मुदत लांब असेल तर थोडीच रक्कम काढता येते का बघा, आणि पैसे हातात आले की त्याच दिवशी कार्ड भरा.