सात गोल खाल्ल्यानंतरचा सामना

प्रिय पोरा,

तुझा मेसेज वाचला. राज्य स्पर्धेत आपल्यावर सहा गोल झाले, त्यातला एक तुझ्याच पायाला लागून आत गेला, आणि आता तुला स्टॉपरची, म्हणजे गोलसमोरच्या बचावाची, जागा सोडून पुढे खेळायचंय. पेठेतली पोरं चिडवतात, असंही लिहिलंयस. चिडवणारच. आपल्या कोल्हापुरात सामना हरला की चहावालासुद्धा हिशेब मागतो. ते सोड.

तुला एका संघाबद्दल सांगतो. न्यू कॅलेडोनिया. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, प्रशांत महासागरातली बेटं. राज्य फ्रान्सचं, पण २००४ पासून फिफात त्यांचा स्वतंत्र संघ. वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर शहराच्या निम्मी. तिथली सतरा वर्षांखालची पोरं २०१७ मध्ये वर्ल्ड कप खेळायला भारतात आली होती. त्या वर्षी यजमान म्हणून आपणही पहिल्यांदा खेळलो. आपल्या गावचा अनिकेत जाधव संघात होता, त्यामुळे सगळं लक्ष दिल्लीतल्या सामन्यांकडे. गुवाहाटीत काय चाललंय ते कोण बघतंय?

गुवाहाटीत ८ ऑक्टोबरला फ्रान्सनं न्यू कॅलेडोनियाला ७-१ धुतलं. हाफटाइमलाच ६-०, आणि त्या सहांत दोन स्वयंगोल. तीन दिवसांनी होंडुरासकडून ५-०. मग १४ तारखेला कोलकात्यात जपान. याच जपाननं होंडुरासवर सहा गोल केले होते. सातव्या मिनिटाला जपाननं गोल केलाही. आता पुन्हा रांग लागणार, असं कुणालाही वाटलं असतं. लागली नाही. ८३व्या मिनिटाला जेकब जेनोनं बरोबरी साधली आणि सामना १-१ सुटला. त्यांचा वर्ल्ड कपमधला पहिला गुण. आपण अमेरिका, कोलंबिया, घाना या तिघांकडूनही हरलो. आपल्या जीक्सन सिंगचा कोलंबियावरचा गोल आपल्याला आठवतो, आठवायलाच हवा, पण गुणांच्या खान्यात आपलं शून्य.

पोरांनी जिद्द दाखवली, एवढं लिहून मला मोकळं होता आलं असतं. पण जिद्द फ्रान्सविरुद्धही होतीच की. मला त्या ७-१ मधला दुसरा हाफ महत्त्वाचा वाटतो. तेवढाच मोजला तर तो १-१ आहे, आणि ते दोन्ही गोल अगदी शेवटी झालेत. पहिल्या पंचेचाळीस मिनिटांत सहा खाणारी तीच पोरं जवळजवळ पुढचा अख्खा हाफ गोल खात नाहीत, याचा अर्थ काय? फ्रान्स थोडं सैलावलं असेल, ते धरूनच चालू. तरी माझं मत असं की त्यांच्या डोळ्यांना वेगाची सवय व्हायला तेवढा वेळ लागला. ओशिनियात, म्हणजे न्यूझीलंड आणि प्रशांत महासागरातल्या बेटांच्या गटात, त्यांना तोडीस तोड भेटणार कोण? फार तर न्यूझीलंड, आणि त्यांनी त्याच वर्षीच्या ओशिनियाच्या फायनलमध्ये यांना ५-० हरवलेलं. एरवी बेटाबेटांतले सामने. तिथं बॉल पायात घेऊन मान वर करायला सवड मिळते. फ्रान्सविरुद्ध मान वर करेपर्यंत बॉल गेलेला असतो.

तुझंही तेच झालंय. शालेय सामन्यांत तू बॉल थांबवतोस, बघतोस, मग पास देतोस, आणि ते खपून जातं. राज्य स्पर्धेत खपलं नाही. म्हणून सोमवारपासून तालमीच्या फुटबॉल संघातल्या सिनियर पोरांबरोबर सरावाला यायचं. ते तुला आडवं करतील, बॉल काढून घेतील, वर हसतील. बॉल तुझ्याकडे यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायची सवय लागेपर्यंत मी तुला तिथून हलवणार नाही.

आता तो स्वयंगोल. व्हिडिओ मी बघितला. तू आपल्याच गोलकडे तोंड करून पळत होतास आणि क्रॉस जमिनीलगत आला. अशा वेळी पाय नुसता मध्ये घातला की बॉल आतच जातो, मग तू असो वा फ्रान्ससमोरचे ते दोघे. पळतानाच कंबर बाहेरच्या बाजूला वळव, बॉल साइडलाइनकडे नाहीतर सरळ गोललाइनबाहेर मार. कॉर्नर गेला तरी चालेल. क्लिअर करताना देखणेपणा नको. आणि गोलकीपरनं ‘माझा’ म्हणून ओरडायला हवं होतं, तो ओरडला नाही. ते मी त्याला वेगळं सांगेन, तू सांगू नकोस.

दुबळ्या संघाला आणखी एक गोष्ट हाताशी असते: थांबलेला बॉल. कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो. तिथं समोरच्याचा वेग निम्मा बाद होतो, आणि सरावाला तगडा प्रतिस्पर्धीही लागत नाही. सकाळी सहाला मैदान रिकामं असतं. चौघेजण जमवा, एकानं कॉर्नर मारायचा, बाकीच्यांनी पहिल्या पोस्टकडे धाव घ्यायची. तुझी उंची आहे, उडी नाही. उडी कमावता येते.

वय कमी दाखवणारा दाखला काढायचं जे कुणी तुझ्या वडिलांच्या कानात घातलंय, ते मनातून काढ. सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपसाठी फिफा २००९ पासून वय तपासायला मनगटाचा एमआरआय काढते. पकडलं जाणं बाजूला राहू दे. दोन वर्षांनी लहान पोरांत खेळून जे फुगतं, ते सिनियरला आलं की एका हंगामात बसतं. मी बघितलंय.

आणि एक बरोबरी झाली म्हणजे त्या बेटांचं भलं झालं, असंही समजू नकोस. २०२३ ला इंडोनेशियात तेच पुन्हा वर्ल्ड कपला गेले: इंग्लंडकडून १०-०, ब्राझीलकडून ९-०, इराणकडून ५-०. पोरं नवी, त्यामुळे वेगाचा धडा पहिल्यापासून. त्यात तिथल्या माणसाला फ्रान्सचं नागरिकत्व, त्यामुळे फार चांगला निघाला की तो फ्रान्सचाच होतो. १९९८ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या फ्रान्सच्या संघातला करेंब्यू तिथल्या लिफू बेटावर जन्मलेला. त्याचा अभिमान बेटांना आहेच, पण त्यांच्या संघाला त्याचा पाय काही लाभला नाही. त्यांचा जो प्रशिक्षक असेल, त्याला दर खेपेला पाटी कोरी करून बसावं लागतं. मला निदान तू पुढच्या हंगामातही मिळणार आहेस.

तर स्टॉपर सोडायचा का? नाही. पुढे खेळायची हौस असेल तर सरावात शेवटची वीस मिनिटं खेळ, त्यानं समोरचा फॉरवर्ड काय शोधत असतो ते तुलाच कळेल. रविवारी सिनियरांशी मॅच ठेवलीय, पहिला पूर्ण हाफ तू स्टॉपरला आहेस. गोल झाले तर होऊ देत. प्रत्येक गोलच्या आधीचा तिसरा पास कुठून आला, तेवढं मात्र मला हाफटाइमला सांगता आलं पाहिजे. आईला सांगून ये, यायला उशीर होईल.

तुझा,
सर